औषध दुकानदारांना खुलं पत्र: स्टेरॉइडचे डोळ्याचे थेंब चिठ्ठीशिवाय देऊ नका

महाराष्ट्रातले सर्व औषध दुकानदार, फार्मासिस्ट आणि काउंटरवर उभं राहून दिवसभर गिऱ्हाईक सांभाळणारी मुलं-मुली यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगतो. ज्या डोळ्याच्या थेंबांत किंवा मलमात स्टेरॉइड आहे, ते डॉक्टरांच्या ताज्या चिठ्ठीशिवाय कुणालाही देऊ नका. ओळखीच्याला नको, "मागच्या वेळी तुम्हीच दिलं होतं" म्हणणाऱ्याला नको आणि रिकामी बाटली काउंटरवर ठेवून "हेच द्या" म्हणणाऱ्याला तर मुळीच नको.

हे पत्र तुम्हाला लिहिण्याचं कारण सरळ आहे. डोळा लाल झाला की माणूस आधी तुमच्याकडे येतो. नेत्रतज्ज्ञ तालुक्याच्या गावी, त्यातही ठरलेल्या वारी. तुमचं दुकान मात्र रात्री उशिरापर्यंत उघडं. त्यामुळे डोळ्याच्या आजारात पहिला निर्णय बहुतेक वेळा तुमच्या काउंटरवरच होतो. त्या निर्णयावर पुढे नजर राहणार की जाणार हे ठरतं, म्हणून तो घेताना लागणारी माहिती तुमच्यापर्यंत तपशिलात पोचावी असं आम्हाला वाटतं.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही, हेही इथेच स्पष्ट करतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर, डोळ्याच्या आतल्या सुजेत, नेत्ररोपणानंतर ते नसेल तर डोळा वाचत नाही. ऑपरेशननंतर साधारणपणे पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत चार ते सहा आठवड्यांत बंद, अशा बेताने ते दिलं जातं आणि मधेमधे तपासणी होते. घोटाळा होतो तो उरलेल्या बाटलीत आणि जुन्या चिठ्ठीत. आजोबांच्या ऑपरेशनची बाटली फ्रिजच्या दारात राहते, नातवाचा डोळा लाल होतो, दोन थेंब टाकले की लाली ओसरते. मग तेच नाव घरात पाठ होतं आणि पुढच्या वेळी कुणीतरी ते तुमच्याकडे येऊन मागतं.

लाली ओसरते यातच सगळी फसगत आहे. स्टेरॉइड सूज मारतं, कारण मारत नाही. डोळा आला असो, ॲलर्जी असो, बुबुळावर जखम असो किंवा आत बुरशी वाढत असो, पहिल्या एक-दोन दिवसांत बरं वाटतं ते सगळ्यांनाच. गिऱ्हाईक खूश होऊन सांगतं की तुमच्या औषधाने गुण आला. ज्याचा डोळा बिघडला तो तुमच्याकडे परत येत नाही, तो आमच्याकडे, नेत्रतज्ज्ञांकडे येतो. त्यामुळे तुमच्या बाजूने पाहिलं तर हे औषध नेहमी लागू पडतंय असंच दिसतं. दोष तुमच्या हेतूचा नाही, परिणाम तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत.

आत काय होतं ते थोडं खोलात सांगतो. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून सतत वाहून जातं. स्टेरॉइड काही दिवस पडत राहिलं की त्या जाळीत नको ते पदार्थ साचतात. मोरीची जाळी तुंबल्यावर होतं तसंच इथे होतं. पाणी तयार होणं थांबत नाही, निचरा मात्र कमी होतो आणि डोळ्यातला दाब चढतो. हा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असायला हवा. स्टेरॉइडच्या थेंबांनी तो निदान थोडा तरी चढतो अशी माणसं तिघांत एक असतात. शंभरातल्या पाच-सहा जणांत तो १५ मिलिमीटरहूनही जास्त चढतो, म्हणजे तिशीच्या वर जातो. कुणाचा चढेल हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. आधीच काचबिंदू असलेले, आई-वडिलांना काचबिंदू असलेले, मधुमेही, जाड उणे नंबरचा चष्मा असलेले आणि लहान मुलं यांना धोका जास्त.

दाब चढायला मोठ्या माणसांत सहसा दोन ते सहा आठवडे लागतात, मुलांत त्याहून कमी. तो चढताना दुखत नाही, डोळा लाल होत नाही, वाचायला अडचण येत नाही. नजर कडेकडेने जाते. रस्ता ओलांडताना बाजूने आलेली मोटारसायकल दिसली नाही किंवा उंबरठ्याला पाय अडखळायला लागला तरी माणूस त्याचा संबंध डोळ्याशी जोडत नाही. तपासायला येईपर्यंत डोळ्याच्या नसेचा मोठा भाग मेलेला असतो आणि मेलेली नस कुठल्याच ऑपरेशनने परत येत नाही. थेंब थोडेच दिवस घातले असतील तर बंद केल्यावर दाब बहुधा एक ते चार आठवड्यांत खाली येतो. महिनोन्‌महिने घातले असतील तर तो तसाच चढा राहू शकतो. त्याशिवाय भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू धरतो तो वेगळाच, आणि तो दहा-बारा वर्षांच्या मुलालाही होतो.

मुलांबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त हळहळ त्यांची वाटते. पाच ते पंधरा वर्षांचं मूल, बहुतेकदा मुलगा. उन्हाळा सुरू झाला की डोळे चोळायला लागतं, डोळ्यांचा पांढरा भाग मळकट दिसतो, सकाळी दोरीसारखी चिकट चिपडं निघतात. ही डोळ्यांची ॲलर्जी आहे, ती दरवर्षी येते आणि बहुतेक मुलांत वय वाढलं की आपोआप जाते. तोवर तिला आवरायचं असतं ते थंड पाण्याच्या पट्ट्यांनी, चोळणं थांबवून आणि डॉक्टर देतात त्या ओलोपॅटाडिनसारख्या बिनस्टेरॉइडच्या थेंबांनी. जोर फारच असला तर नेत्रतज्ज्ञ काही दिवस स्टेरॉइड देतात आणि दाब मोजून बंद करतात. पण आईबापांना फरक दिसतो तो स्टेरॉइडनेच. एकदा तो दिसला की फेब्रुवारी ते जून ती बाटली तुमच्याकडून दर पंधरा दिवसांनी जाते, दुसऱ्या वर्षी पुन्हा जाते. खाज जाते आणि त्याच थेंबांनी नजरही जाते. खाजेने कुणी आंधळं होत नाही. चौथी-पाचवीतल्या पोराची नजर बिनचिठ्ठीच्या थेंबांपायी जाणं हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणूनच ते जास्त लागतं.

दुसरा मोठा धोका शेतीच्या हंगामाशी बांधलेला आहे. सोयाबीनची मळणी, तुरीची कापणी, भाताची झोडणी, उसाची तोड. कुसळ उडतं, तूस जातं, उसाच्या पात्याची धार बुबुळाला घासते. वनस्पतीच्या जखमेतून बुरशी आत शिरते. आपल्याकडच्या उष्ण हवेत बुबुळाच्या जखमेत बुरशी होणं किती सर्रास आहे याचा अंदाज यावा म्हणून एकच दाखला देतो. मदुराई भागातल्या बुबुळाच्या जखमांवर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या नमुन्यांत जंतू वाढले त्यांतल्या जवळपास निम्म्यांत बुरशी होती. बुरशीवर साधं अँटिबायोटिक चालत नाही. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असेल तर शरीर जो काही प्रतिकार करत असतं तोही थांबतो. दोन-तीन दिवस दुखणं कमी होतं, डोळा पांढरा दिसू लागतो आणि आत बुरशी बुबुळाच्या थरांत खोल उतरत जाते. आमच्याकडे येतो तेव्हा बुबुळावर मध्यभागी राखाडी पांढरा डाग असतो, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या असतात, खाली पुवाची पातळी दिसते. मग नॅटामायसिन ५ टक्के हे बुरशीवरचं औषध तासातासाला, कित्येक आठवडे. इतकं करूनही बुबुळाला भोक पडतं आणि जंतू जिवंत असताना केलेलं रोपण बरेचदा टिकत नाही. जो वाचतो त्याच्या बुबुळावर कायमचं फूल राहतं.

नेपाळमधल्या भक्तपूरला बुबुळ खरचटलेल्या माणसांना गावातल्याच कार्यकर्त्यांनी १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉल मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस लावलं. लागल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांना ते सुरू झालं त्यांच्यातल्या एकालाही पुढे जखम चिघळली नाही. त्यात स्टेरॉइडचा थेंबही नव्हता. यातून तुम्ही स्वतःहून मलम द्यावं असं आम्ही म्हणत नाही. कुसळ गेलेल्या माणसाला "उद्या बघू" असं न म्हणता त्याच दिवशी पाठवण्याचं महत्त्व यावरून कळतं, एवढंच.

तिसरा प्रकार नागिणीच्या जातीच्या विषाणूचा, हर्पिसचा. एकच डोळा लाल, पाणी येतं, थोडं खुपतं, दुखणं फारसं नाही, कारण हा विषाणू बुबुळाची संवेदनाच कमी करतो. बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी बारीक जखम असते. ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, बॅटरीच्या उजेडातही दिसत नाही. रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या तपासणीच्या यंत्राखाली, पाहिलं तरच दिसते. स्टेरॉइड पडलं की ती फांदी पसरून नकाशासारखी होते. काउंटरवरून हा डोळा आणि साधा आलेला डोळा यांतला फरक कुणालाच सांगता येणार नाही. गावातल्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांनाही नाही आणि स्लिट लॅम्प समोर नसेल तर आम्हालाही नाही.

साथीचं काय, हा प्रश्न तुम्ही विचाराल. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी परिसरात डोळे येण्याची मोठी साथ आली आणि पुढे राज्यभर दुकानांत डोळ्याच्या थेंबांसाठी रांगा लागल्या. पुन्हा अशी साथ येईल, पुन्हा रांगा लागतील. साथीत डोळे येतात ते बहुतेक विषाणूने. एक ते दोन आठवड्यांत ते आपोआप बरे होतात. अँटिबायोटिकने तो काळ कमी होत नाही आणि स्टेरॉइडने विषाणू डोळ्यात जास्त दिवस राहण्याची भीती असते. अशा माणसाला कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के हे साधे ओलाव्याचे थेंब द्या, दिवसातून चार वेळा. थंड पट्ट्या सांगा. टॉवेल, उशीचा अभ्रा, रुमाल वेगळा ठेवायला सांगा आणि एका बाटलीतून घरातल्या दोघांनी घालायचं नाही हे बजावून सांगा. शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं, कारण साथीत घरोघर हीच चूक होते.

आता बाटली ओळखायची कशी, ते. मोठ्या अक्षरातलं नाव वाचू नका, खालची बारीक अक्षरातली घटकांची ओळ वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लूओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांपैकी एक जरी नाव दिसलं तरी ते स्टेरॉइड. शेवटी "सोन" किंवा "लोन", नाहीतर मध्ये "प्रेड", एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. फ्लूओरोमेथोलोन आणि लोटेप्रेडनॉलने दाब कमी चढतो हे खरं आहे, पण चढतो. "सौम्य आहे" म्हणून तेही हातात देऊ नका. सगळ्यात जास्त गोंधळ मिश्रणांचा. मॉक्सिफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन, गॅटिफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, क्लोरॅम्फेनिकॉल हे नुसतेही मिळतात आणि स्टेरॉइड घालूनही. दोन्ही खोकी एकाच रंगाची, नाव तेच, फक्त शेवटी "डी", "डीएक्स", "पी", "एलपी" असं एखादं अक्षर जास्त. उलट "केटी" लावलेल्यात बहुधा केटोरोलॅक असतं. ते दुखणं-सूज कमी करणारं औषध आहे, स्टेरॉइड नव्हे, पण बुबुळावर जखम असेल तर त्यानेही तिथलं बुबुळ वितळू शकतं. म्हणून अक्षरावर भिस्त ठेवू नका. संध्याकाळच्या गर्दीत नवीन मुलाच्या हातून फडताळातून चुकीचं खोकं निघतं ते याच एका अक्षरापायी. आमची विनंती अशी की स्टेरॉइडचे सगळे थेंब आणि मलमं एका वेगळ्या कप्प्यात ठेवा, त्यावर जाड अक्षरात "चिठ्ठी बघा" असं लिहा आणि तिथलं खोकं फार्मासिस्टनेच काढायचं असा दुकानाचा नियम करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

कायदा तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी दोन गोष्टी इथे लिहून ठेवतो, कारण त्यांवरून गैरसमज ऐकू येतात. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधलं शेड्यूल एच, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची यादी, त्वचेवर लावायच्या काही औषधांना सूट देत आलं, पण डोळ्याच्या थेंबांना ती सूट नाही. स्टेरॉइडचे डोळ्याचे थेंब चिठ्ठीवरच विकायचे. नुसतं अँटिबायोटिक तरी चालेल का, असं विचाराल तर मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-वन मध्ये आहेत. त्यांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद हवी, डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. दुसरी गोष्ट जुन्या चिठ्ठीची. डॉक्टरांनी "पुन्हा द्यावे" असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं, हे नियम ६५ मध्येच आहे. दोन वर्षांपूर्वीची लॅमिनेट केलेली चिठ्ठी ही स्टेरॉइडच्या बाबतीत चिठ्ठीच नव्हे.

इथे एक अपवाद मुद्दाम सांगतो, नाहीतर या पत्राने भलतंच नुकसान होईल. काचबिंदूच्या थेंबांचं उलट आहे. टिमोलॉल, लॅटॅनोप्रोस्ट, ब्रिमोनिडिन, डॉर्झोलामाइड यांचा दाब कमी करायचा उपचार आयुष्यभराचा असतो आणि त्यात खंड पडू द्यायचा नसतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर "चालू ठेवा" असं लिहिलेल्या माणसाला बाटली नाही म्हणून परत पाठवू नका, मागवून ठेवा. पण त्याला एक प्रश्न विचारा: दमा आहे का, धाप लागते का? टिमोलॉलचा थेंब नाकाच्या नळीतून रक्तात जातो, दमा उसळवतो आणि नाडी मंदावतो. अशा माणसाला तो कधी सुरू झाला आणि डॉक्टरांना दम्याचं ठाऊक आहे का, हे फोन करून विचारा. ब्रिमोनिडिन दोन वर्षांखालच्या बाळाला कधीही नाही. त्याने बाळ गुंगीत जातं आणि श्वास मंदावतो. लॅटॅनोप्रोस्टचं खोकं "२ ते ८ अंश" लिहिलेलं असेल तर ते फ्रिजमध्येच हवं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुकानाच्या माळ्यावर पडलेली बाटली विकली तर माणूस इमानदारीने थेंब घालत राहतो आणि दाब मात्र उतरत नाही. गिऱ्हाईकाला लांबच्या गावी जायचं असेल तर बाटली बर्फाच्या पिशवीला थेट चिकटवू नका, मध्ये कापड ठेवा.

भूल देणारे थेंब, म्हणजे प्रोपॅराकेन ०.५ टक्के आणि लिग्नोकेन ४ टक्के, हे दवाखान्यात तपासणीपुरते असतात, घरी न्यायचे नसतातच. वेल्डिंगचा चटका लागलेला कामगार ते नाव घेऊन मागतो, कारण कुणीतरी एकदा घातले आणि क्षणात ठणका थांबला. वेल्डिंगच्या किरणांनी बुबुळाचा वरचा थर सोलवटतो, सहा ते बारा तासांनी ठणका सुरू होतो आणि एक-दोन दिवसांत थर आपोआप भरतो. भुलीचे थेंब वारंवार घातले की तो भरतच नाही, पापणी मिटायचं भान राहत नाही आणि बुबुळ वितळायला लागतं. त्याला पॅरासिटामॉलची गोळी, थंड पट्ट्या आणि ओलाव्याचे थेंब द्या. दुसऱ्या दिवशी दुखणं कमी नसेल तर पाठवा. औद्योगिक वसाहतीजवळच्या दुकानदारांनी हा परिच्छेद काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवला तरी चालेल.

डोळे पांढरे करणारे नॅफाझोलिनचे थेंबही हसत हसत विकले जातात. चार-पाच दिवसांपेक्षा जास्त घातले की थांबवल्यावर डोळा आधीपेक्षा जास्त लाल होतो आणि माणूस पुन्हा तेच मागतो. वयस्क माणसाच्या अरुंद कोनाच्या डोळ्यात त्याने काचबिंदूचा झटका येऊ शकतो, आणि लहान मुलाने ते प्यायलं तर गुंगी येऊन दवाखान्यात न्यावं लागतं. गुलाबजल, मध, एरंडेल, अंगावरचं दूध डोळ्यात घालण्याबद्दल कुणी विचारलं तर स्पष्ट "नको" म्हणा. त्यातलं काहीच निर्जंतुक नसतं.

आता समोर लाल डोळा उभा आहे, काय विचारायचं? दुखतंय का, की नुसतं खुपतंय? उजेडाचा त्रास होतो का? नजर धुरकट झाली का, एक डोळा झाकून समोरची पाटी वाचून बघा म्हणावं. काही लागलं, उडालं, गेलं का? कॉन्टॅक्ट लेन्स वापरता का? या डोळ्याचं ऑपरेशन झालंय का? यातल्या एकालाही "हो" आलं तर थेंब न देता नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं. लेन्स वापरणाऱ्याला तर त्याच दिवशी, कारण लेन्सच्या जखमेतला जंतू एक-दोन दिवसांत बुबुळ खाऊन टाकतो. साठीच्या पुढची बाई एक डोळा लाल, कपाळ फुटतंय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात आणि उलट्या होतात असं सांगत असेल तर तिला पित्ताची गोळी देऊ नका. तो दाबाचा झटका असू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. महिन्याच्या आतल्या बाळाचे डोळे पुवाने चिकटत असतील तर तेही त्याच दिवशी. या प्रश्नांना दोन मिनिटं लागतात. एकालाही "हो" आलं नाही, डोळे नुसते लाल आहेत, चिकटतात, खुपतात, तर ओलाव्याचे थेंब द्या आणि तीन दिवसांत उतार पडला नाही तर दाखवा असं सांगा.

चुना, ॲसिड किंवा फवारणीचं औषध डोळ्यात गेलेला कुणी धावत आला तर फडताळाकडे वळूच नका. तुमच्याच नळाखाली, नसेल तर बाटलीबंद पाण्याने, डोळा उघडा धरून सलग वीस ते तीस मिनिटं धुवा. पापण्यांच्या आत चुन्याचा कण अडकलेला असेल तर तो ओल्या कापसाने काढा. मग दवाखान्यात. खाऊच्या चुन्याची पुडी दाबून लहान मुलांच्या डोळ्यात चुना उडण्याच्या घटना आपल्याकडे होतात. तिथे पहिल्या मिनिटांतलं पाणी हेच औषध आहे.

चिठ्ठीवर दिलेली बाटली नीट वापरली जावी यात तुमचा वाटा आमच्याइतकाच आहे. पुष्कळ बाटल्यांची नळी बंद असते आणि टोपणाच्या आत एक काटा असतो. टोपण एकदा घट्ट फिरवलं की तो काटा नेमकं भोक पाडतो. लोक ते न समजून टाचणीने किंवा सुईने टोचतात. भोक मोठं होतं, थेंब दुप्पट पडतो आणि टाचणीवरची घाण आत जाते. म्हणून टोपण काउंटरवरच फिरवून दाखवा. डोळ्यात एका वेळी एका थेंबाहून जास्त मावत नाही, दुसरा गालावर ओघळतो. खालची पापणी खाली ओढून खिसा करायचा, नळीचं टोक पापणीला टेकू द्यायचं नाही, एक थेंब टाकून डोळा हलकेच मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसरा थेंब पाच मिनिटांनी, मलम सगळ्यात शेवटी. प्रेडनिसोलोन ॲसिटेटसारखं पांढुरकं औषध दर वेळी हलवून घ्यायचं, नाहीतर तळाशी औषध आणि वर नुसतं पाणी. मऊ लेन्स असेल तर काढून थेंब घालायचे आणि पंधरा मिनिटांनी परत लावायची.

उघडल्यापासून एका महिन्यात टाकून द्यायची बाटली, हे लेबलावर छापलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. एक्स्पायरी दोन वर्षांनंतरची दिसते म्हणून लोक ती जपून ठेवतात. बॉलपेनने खोक्यावर नव्हे, बाटलीवर "उघडली" असं लिहून पुढे जागा सोडा आणि तारीख घरी जाऊन घालायला सांगा. ऑपरेशननंतरचा कोर्स संपला की उरलेलं औषध मोरीत ओतून बाटली टाकून द्या, हेही त्याच वेळी सांगा. निम्मे घोटाळे तिथेच थांबतील.

"मी दिलं नाही तर समोरचा देईल" हे आम्ही ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. म्हणूनच हे पत्र एकेका दुकानदाराला न लिहिता सगळ्यांना लिहिलं आहे. तुमच्या तालुका संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा एकच विषय घ्या. स्टेरॉइडचा डोळ्याचा थेंब गावात कुणीच बिनचिठ्ठीचा देणार नाही असं ठरलं की कुणाचंच गिऱ्हाईक तुटत नाही. बैठकीला यायला, स्लिट लॅम्पचे फोटो दाखवायला आणि काउंटरवरच्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला आम्ही येऊ, कुठल्याही मोबदल्याशिवाय.

शेवटची विनंती, जी आज, या क्षणापासून करता येईल. कुणी नेहमीचं स्टेरॉइड मागायला आलं आणि बोलण्यात कळलं की ते महिनाभराहून जास्त चालू आहे, तर नुसतं "मिळणार नाही" म्हणून परत पाठवू नका. तो दुसऱ्या दुकानात जाईल, किंवा औषध एकदम बंद करेल आणि आतली सूज उसळेल. त्याला सांगा की डोळ्याचा दाब मोजून घ्यायला हवा, दुखत नसलं तरी. जिल्हा रुग्णालयात आणि बहुतेक उपजिल्हा रुग्णालयांत डोळ्यांचा विभाग असतो. तिथे दाब मोजायला काही मिनिटं लागतात. जाताना सध्याची बाटली सोबत न्यायला सांगा आणि एका कागदावर औषधाचं नाव आणि किती महिने चालू आहे ते तुमच्या हाताने लिहून द्या. त्या कागदामुळे आमचं निम्मं काम होतं.

आपले,
डोळ्यांचं काम करणारे आम्ही काही नेत्रतज्ज्ञ, नेत्रचिकित्सा अधिकारी आणि फार्मासिस्ट